इन-इअर हेडफोनची तुलना कशी करावी: आवाज, आराम आणि बाहेरचा गोंगाट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोन इअरफोनची तुलना करायची तर सुरुवात कुठून करायची?

सीलपासून. टिप (इअरफोनच्या टोकाची मऊ टोपी) आणि कानाची नळी यांच्यात फट नसेल तरच इन-इअर हेडफोन बनवणाऱ्याने ठरवल्याप्रमाणे वाजतो. त्यातला डायफ्रॅम (कंप पावून आवाज काढणारा पातळ पडदा) बहुधा ६ ते १२ मिमीचा असतो. एवढ्याशा डायफ्रॅमने बेस (खालच्या पट्टीचा आवाज) द्यायचा, तर टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधली घन सेंटिमीटरभर हवा बंदिस्त असावी लागते. फट राहिली की दाब तिथून निसटतो. फट बारीक असेल तर आधी ३०-५० हर्ट्झचा तळ जातो, मोठी असेल तर २००-३०० हर्ट्झपर्यंतचं सगळं पातळ होतं. मिड आणि ट्रेबल (मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज) तेवढेच राहतात, म्हणून ते टोचायला लागतात. "याला बेसच नाही, नुसता कर्कश आहे" या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा चुकीच्या मापाची टिप असते.

बाहेरचा गोंगाट त्याच फटीतून आत येतो, आणि फट बुजवायला गरजेपेक्षा मोठी टिप कोंबली की कान दुखतो. आवाज, आराम आणि गोंगाट रोखणं हे तिन्ही त्या एका जागी ठरतं. म्हणून दोन्ही इअरफोनचं सील नीट बसेपर्यंत बाकीचं मत बनवू नका.

सील बसलं आहे हे ओळखायचं कसं?

फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत ॲप घ्या. पातळी कमी ठेवून ५० हर्ट्झचा सूर लावा आणि वाजत असतानाच इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम भरदार झाला तर सील नव्हतं. काहीच फरक पडला नाही तर ठीक आहे. हे डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळं करा. मग तोच सूर दोन्ही बाजूंना एकत्र लावा. तो डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर पलीकडच्या कानाची टिप गळते आहे.

जबडा उघडून-मिटून, मान वळवून हीच चाचणी परत करा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. गाताना किंवा खाताना अनेकांचं सील सुटतं, पण शांत बसून ऐकताना ते कळत नाही.

टिप निवडताना काय बघायचं?

खोक्यात येणाऱ्या लहान, मध्यम, मोठ्या टिपांपैकी मधली लावून बहुतेक लोक थांबतात. तिन्ही लावून बघा, आणि दोन्ही कानांना एकच माप लागेल असं धरू नका. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी हे अगदी सर्रास असतं. टिपांच्या व्यासातला फरक सहसा एखाद्या मिलिमीटरचाच असतो, पण एका कंपनीचं 'मध्यम' दुसऱ्या कंपनीचं 'लहान' निघू शकतं. त्यामुळे अक्षरावर जाऊ नका, व्यास मिमीमध्ये पाहा.

वेगळ्या टिपा विकत घेणार असाल तर आधी इअरफोनच्या नळीची (जिच्यावर टिप बसते तिची) जाडी मोजा. बहुतेकांची ४ ते ६ मिमी असते, शुअर आणि एटिमोटिक या कंपन्यांच्या इअरफोनची मात्र साधारण ३ मिमी. जाड नळीची टिप बारीक नळीवर बसवली तर काढताना ती कानातच राहण्याचा धोका असतो. बिनतारी इअरबडच्या टिपा आखूड आणि कधी लंबगोल असतात. तिथे लांब टिप लावली तर डबीचं झाकण लागत नाही किंवा चार्जिंगचे पॉइंट टेकत नाहीत.

सिलिकॉन धुता येतं आणि वर्षभर टिकतं, पण तेलकट कानात घसरतं. फोम कानाच्या आकाराप्रमाणे फुगतो, गोंगाट जास्त अडवतो आणि ट्रेबलची धार थोडी कमी करतो. मात्र तो काही महिन्यांत चिवट किंवा ढिला होतो, आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत त्याआधीच. दोन-तीन छत्र्यांच्या (एकामागे एक कडा असलेल्या) टिपा सर्वांत खोल जातात आणि सर्वांत जास्त शांतता देतात, पण सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. टिपेच्या भोकाचाही परिणाम होतो. अरुंद भोक ट्रेबल दाबतं, रुंद भोक तो मोकळा सोडतं. म्हणूनच दोन इअरफोनची तुलना शक्यतो एकाच प्रकारच्या टिपा लावून करावी.

इअरफोन कानात घालायची बरोबर पद्धत कोणती?

उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. कानाची नळी सरळ होते. तेवढ्यात उजव्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा, मग पाळी सोडा. फोमची टिप असेल तर ती बोटांत गोल फिरवत बारीक करून लगेच घाला आणि ३० सेकंद धरून ठेवा. चुरगळून घडी पाडलेला फोम त्या घडीतूनच गळतो.

काढताना सरळ ओढू नका. आधी थोडा फिरवून सील सोडवा, हवा आत जाऊ द्या, मग बाहेर काढा. खोल जाणाऱ्या टिपांच्या बाबतीत हे पाळायलाच हवं, कारण झटक्यात ओढल्यावर निर्माण होणारी पोकळी कानाच्या पडद्याला जाणवते.

तुलना करताना एक इअरफोन लगेच जास्त चांगला का वाटतो?

बहुतेक वेळा तो थोडा मोठ्याने वाजत असतो म्हणून. एखाद्या डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून कानाला कळत नाही, 'जास्त स्पष्ट', 'जास्त जिवंत' असा वाटतो. दोन इअरफोनच्या संवेदनशीलतेत (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठ्याने वाजतो त्यात) ५-१० डेसिबलचा फरक सहज असतो, त्यामुळे फोनचा व्हॉल्यूम तसाच ठेवून अदलाबदल केली तर निकाल आधीच लागलेला असतो.

घरी पातळी जुळवायला पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग 'शऽऽ' आवाज) वापरा. गाण्यात पातळी सतत बदलते, यात ती स्थिर राहते. पहिला इअरफोन आरामशीर पातळीवर ऐका, व्हॉल्यूमचा आकडा लिहून ठेवा. दुसरा घाला आणि तीच पातळी वाटेपर्यंत आकडा हलवा. परत पहिल्यावर या, खात्री करा. फोनच्या व्हॉल्यूमच्या पायऱ्या फार मोठ्या असतात, म्हणून प्लेअर ॲपमधला प्रीॲम्प (पातळी बारीक बदलायची सेटिंग) अर्ध्या-एक डेसिबलने खालीवर करता आला तर काम नेमकं होतं.

फोनचा माइक टिपेच्या तोंडाशी धरून मोजायचा मोह टाळा. माइकच्या भोकावर टिप दर वेळी वेगळी बसते आणि चूक फरकापेक्षा मोठी निघते.

ऐकायला काय लावायचं?

जे तुमच्या कानात मुरलेलं आहे ते. आपल्या संगीतात तुलनेसाठी उत्तम साहित्य आहे, त्यासाठी परक्या 'टेस्ट ट्रॅक'च्या मागे जायची गरज नाही.

तानपुऱ्यापासून सुरुवात करा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, पण तिची जवारी वरच्या स्वरांशांमध्ये कित्येक किलोहर्ट्झपर्यंत पसरते. चांगल्या इअरफोनवर खर्ज आणि जवारी एकाच तारेतून आल्यासारखी वाटतात. मधला भाग खचलेला असेल तर खाली गुणगुण आणि वर झणझण अशी दोन वेगळी वाद्यं ऐकू येतात.

मग तबला. डग्ग्यावर मनगटाने घेतलेली मींड लक्ष देऊन ऐका. सूर चढताना-उतरताना मधेच एखादी जागा एकदम फुगत असेल तर तिथे बेसला उंचवटा आहे. चाटीचा आघात कोरडा आणि नेमका यायला हवा. त्याला शेपूट लागलं तर ट्रेबलमध्ये काहीतरी रेंगाळतं आहे.

टाळ-पखवाजाचा अभंग ही सर्वांत कठीण परीक्षा. टाळाची ऊर्जा नेमकी ५ ते १० किलोहर्ट्झमध्ये असते आणि इन-इअरचे त्रासदायक सुळकेही तिथेच असतात. दहा मिनिटं ऐकल्यावर व्हॉल्यूम कमी करावासा वाटला तर तो इअरफोन तुमच्यासाठी नाही, आलेख काहीही सांगो.

शेवटी साधं बोलणं, म्हणजे एखादी मुलाखत किंवा अभिवाचन. मराठीतले चाक, जास्त, झाड यांमधले दंत्य उच्चार आणि 'स' यांची फुसफुस नैसर्गिक वाटते का ते पाहा. माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे खोट लगेच कळते.

जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेल्या मुद्रणांवर मात्र इअरफोनची परीक्षा घेऊ नका. त्यांच्यात अगदी खालचं आणि अगदी वरचं टोक मुळातच फारसं नसतं. रसिक म्हणून ती जरूर ऐका.

रिव्ह्यूंमध्ये येणारे आलेख कसे वाचायचे?

कोणत्या फ्रिक्वेन्सीला इअरफोन किती मोठ्याने वाजतो ते हे आलेख दाखवतात. आडवी रेघ हा आदर्श नाही, हे पहिलं. उघड्या कानाची नळी साधारण २५ मिमी लांब असते आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी ती नैसर्गिकरीत्या वाढवते. इअरफोन घातल्यावर ही वाढ नाहीशी होते, म्हणून इअरफोनलाच तिथे उंचवटा द्यावा लागतो. हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून जी लक्ष्यरेषा मांडली, तिच्यातही हा उंचवटा आहे आणि खाली बेसची भर आहे. इन-इअरची २०१९ची हारमन रेषा अनेकांना बेसला थोडी जड वाटते. तिच्यावर बरोबर बसणारा इअरफोन सर्वांना आवडेलच असं नाही, पण 'यापेक्षा उजळ की मंद' हे समजायला ती चांगली खूण आहे.

दुसरं म्हणजे ८ किलोहर्ट्झचा सुळका. बहुतेक हौशी मोजमापं आयईसी ६०३१८-४ या मानकाच्या कपलरवर (कृत्रिम कानावर) होतात. त्यात इअरफोन ठरावीक खोलीवर बसवला की ८ किलोहर्ट्झच्या आसपास अनुनाद दिसतो. तुमच्या कानात तो कुठे पडेल हे टिप किती आत जाते त्यावर ठरतं. खोल गेली तर तो वर सरकतो, उथळ राहिली तर खाली येऊन 'स' टोचू लागतो. म्हणून त्या भागातल्या दोन-तीन डेसिबलच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. २० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झचा आलेख मात्र विश्वासाने वाचा. दोन आलेखांची तुलना एकाच माणसाच्या, एकाच कपलरवरच्या मोजमापांतूनच करा.

ड्रायव्हर जितके जास्त तितका आवाज चांगला का?

नाही. ड्रायव्हर म्हणजे इअरफोनमधला आवाज निर्माण करणारा भाग. एका डायनॅमिक ड्रायव्हरचा नीट जुळवलेला इअरफोन पाच ड्रायव्हरच्या कच्च्या जुळवणीपेक्षा केव्हाही सरस. एटिमोटिकचा १९९१ साली आलेला ईआर-४ एकाच बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरवर चालायचा. ड्रायव्हरच्या प्रकारांचे स्वभाव थोडक्यात सांगायचे तर डायनॅमिक बेस सहज देतो, पण त्याला हवेसाठी छिद्र लागतं. बॅलन्स्ड आर्मेचर छोटं आणि बहुधा बंद असतं, म्हणून गोंगाट जास्त अडतो. प्लॅनरला अनेकदा जरा जास्त ताकद लागते. खोक्यावरची ड्रायव्हरची संख्या वाचून किंमत ठरवू नका.

घालताना कानात कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. बिघाड आहे का?

बहुधा नाही. टिप आत जाताना हवा दाबली जाते आणि पातळ डायफ्रॅम वाकतो, त्याला ड्रायव्हर फ्लेक्स म्हणतात. हळू, फिरवत घातल्यास किंवा एक माप लहान टिप लावल्यास तो कमी होतो. घातल्यानंतर एक बाजू काही सेकंद मंद राहून परत येत असेल तर कारण तेच. प्रत्येक वेळी एक बाजू मंदच राहत असेल तर वॉरंटीत बदलून घ्या.

लोकल, एसटी, विमान: गोंगाट कशाने अडतो? नुसत्या टिपेने की नॉइज कॅन्सलिंगने?

दोघांची कामं वेगळी आहेत. टिपेचा अडथळा वरच्या पट्टीला जोरकस असतो. माणसांचं बोलणं, भोंग्याची किणकिण, ब्रेकची किंचाळी तो चांगली कापतो. साधी सिलिकॉन टिप नीट बसली तर सरासरी १५ ते २५ डेसिबल धरा. शुअर एसई-२१५ या इअरफोनसाठी कंपनी ३७ डेसिबलपर्यंतचा दावा करते, एटिमोटिक तीन छत्र्यांच्या टिपांसाठी ३५च्या वर. अशा आकड्यांतला 'पर्यंत' महत्त्वाचा असतो. हे सील अचूक असतानाचे आकडे आहेत, आणि इंजिनाच्या खालच्या घरघरीत प्रत्यक्ष परिणाम कमी मिळतो.

नॉइज कॅन्सलिंग उलट बाजूने काम करतं. बाहेरच्या माइकने गोंगाट टिपून त्याची उलटी लहर वाजवली जाते, आणि हे साधारण १ किलोहर्ट्झच्या खालीच नीट साधतं. विमानाची सलग घरघर, बसच्या इंजिनाचा धुरधुर, एसीचा आवाज यांवर ते उत्तम. शेजारच्या प्रवाशाचं बोलणं मात्र उरतं, आणि घरघर गेल्यामुळे कधी कधी जास्तच स्पष्ट ऐकू येतं. सील गळत असेल तर नॉइज कॅन्सलिंगही लंगडं होतं.

रोज लोकलने जाणाऱ्यासाठी आमचं मत असं: गर्दीत तार अडकत असेल तर नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड, पण टिपा काळजीने निवडून. अभ्यास, वाचन किंवा रात्रीच्या रेल्वेप्रवासासाठी खोल जाणारा तारेचा इअरफोन. हवा जाऊ देणारं मोठं छिद्र पाठीवर असलेले इअरफोन घरात ऐकायला सुरेख असतात, प्रवासात निरुपयोगी. वाऱ्याच्या झोतात नॉइज कॅन्सलिंगच्या माइकमधून फडफड येते. दारात उभं राहणाऱ्यांनी विंड मोड आहे का ते पाहावं. रूळ ओलांडताना, रस्त्याने चालताना आणि गाडी चालवताना दोन्ही कान मोकळे हवेत, यात तडजोड नाही.

चालताना डोक्यात धपधप ऐकू येतं आणि स्वतःचा आवाज घुमतो. का?

कान बंद झाला की हाडांतून आलेला खालच्या पट्टीचा ध्वनी नळीतून बाहेर पडू शकत नाही, आतच साठतो. टिप नळीच्या तोंडाशी असते तेव्हा हे सर्वांत जास्त होतं. नळीच्या आतल्या, हाडाने वेढलेल्या भागापर्यंत टिप गेली की कमी होतं. म्हणजे 'जास्त बंद' केल्याने घुमणं वाढतंच असं नाही. फोनवर सतत बोलणाऱ्यांनी छिद्र असलेले किंवा ट्रान्सपरन्सी मोडचे (माइकने बाहेरचा आवाज आत सोडणारे) इअरबड घ्यावेत.

कपड्याला तार घासल्याची खरखर ही वेगळी तक्रार. तार कानावरून मागे घ्या, गळ्याशी असलेला सरकता मणी वर ओढा, शर्टाला क्लिप लावा. खरखर जवळजवळ जाते.

अर्ध्या तासाने कान दुखतो. इअरफोन बदलायचा की टिप?

कुठे दुखतं ते आधी बोटाने शोधा. नळीच्या आत दुखत असेल तर टिप मोठी किंवा कडक आहे. एक माप लहान, पण मऊ टिप लावा. बाहेरच्या वाटीत, विशेषतः कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्याच्या आत किंवा मागच्या कडेला दुखत असेल तर इअरफोनचं कवच तुमच्या कानाला मोठं आहे. ते टिप बदलून सुटत नाही. थोडी लांब टिप लावून कवच बाहेर राहतं का ते बघा, नाहीतर लहान कवचाचा इअरफोन घ्या. कानाच्या वरच्या मुळाशी दुखत असेल तर तारेचा वळवलेला हुक ताठ आहे. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने तो मऊ करून पुन्हा वळवता येतो, गरम हवेने मात्र वितळतो.

खाज, ओल किंवा पाणी येत असेल तर इअरफोन बंद आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ. टिपा बदलत बसू नका.

दुकानात दोन मिनिटं घालून आराम कळत नाही. किमान २०-३० मिनिटं सलग घाला, चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट. ऑनलाइन घेताना परतीची अट आधी वाचा. कानात जाणारी वस्तू म्हणून अनेक विक्रेते उघडलेला माल परत घेत नाहीत.

फोनला वेगळा डॅक किंवा ॲम्प लागतो का?

डॅक डिजिटल सिग्नलचा ध्वनीचा सिग्नल करतो, ॲम्प त्याला ताकद देतो. ३.५ मिमीचा जॅक नसेल तर टाइप-सी डोंगल लागेलच. त्यापलीकडे गरज इअरफोनवर ठरते. संवेदनशीलतेचा आकडा वाचताना एकक पाहा. १६ ओहमच्या इअरफोनसाठी '१०६ डेसिबल प्रति मिलिवॅट' म्हणजे जवळपास १२४ डेसिबल प्रति व्होल्ट. दोन कंपन्यांनी १०६ हाच आकडा वेगवेगळ्या एककांत छापला असेल तर प्रत्यक्षात १८ डेसिबलचा फरक असतो.

अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनला ताकद नव्हे, कमी आउटपुट इम्पिडन्स (डोंगल किंवा ॲम्पचा स्वतःचा विद्युत-अडथळा) लागतो. समजा इअरफोनचा इम्पिडन्स एका पट्टीत ८ ओहम आणि दुसरीत ४० ओहम आहे. डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल तर दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ५ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे जुळवणीच बदलते. तोच १ ओहम असेल तर फरक एका डेसिबलच्याही आत राहतो. तुमच्याकडे असा इअरफोन असेल तर १-२ ओहमच्या वरचा डोंगल घेऊ नका. ॲपलचा टाइप-सी डोंगल या बाबतीत चांगला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी निघतो, हे आधीच धरून चला.

तारेचा की ब्लूटूथ?

त्याच किमतीत निव्वळ आवाज हवा असेल तर तारेचा. एलडॅक हा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) ३३०, ६६० आणि ९९० केबीपीएसवर चालतो, पण गर्दीच्या फलाटावर ९९०वर अडखळतो. तिथे कनेक्शनला प्राधान्य देणारी सेटिंग ठेवा. कोडेकपेक्षा टिप आणि जुळवणी यांनी कितीतरी जास्त फरक पडतो.

नवा इअरफोन १०० तास वाजवून 'मुरवावा' लागतो का?

नाही. मुरतो तो कान. दोन-तीन दिवसांत त्याला नव्या आवाजाची सवय होते. फोमची टिप आणि तुमची घालायची सवय या दोन गोष्टी मात्र खरोखर बदलतात.

किती मोठ्याने, किती वेळ ऐकणं सुरक्षित?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. गळका इअरफोन घालून लोकलचा गोंगाट झाकायला आपण नकळत व्हॉल्यूम चढवतो, आणि श्रवणाचं नुकसान भरून येत नाही. गोंगाट चांगला अडवणाऱ्या इअरफोनचा सर्वांत मोठा फायदा हाच.

एक बाजू मंद झाली आहे. काय करायचं?

क्रमाने जा. टिप काढून नळीची जाळी टॉर्चने बघा. दहापैकी नऊ वेळा मळ दिसतो. नळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका, उरलेला मळ ब्लू-टॅक (चिकट पुट्टी) दाबून उचला. सुई, फुंकर किंवा व्हॅक्यूम वापरू नका, डायफ्रॅम फाटतो किंवा मळ आत जातो. सिलिकॉनच्या टिपा कोमट साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

जाळी स्वच्छ असेल तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घालून बघा. मंदपणा कानाबरोबर राहिला तर दोष इअरफोनचा नाही, कानात मळ साचलेला असू शकतो. इअरफोनबरोबर गेला आणि तार सुटी होणारी असेल तर दोन्ही बाजूंच्या तारा आपसात बदला. आता मंदपणा दुसऱ्या इअरफोनवर गेला तर तार खराब, त्याच इअरफोनवर राहिला तर ड्रायव्हर. एमएमसीएक्स प्रकारची तारेची जोडणी फिरती असल्याने झिजते आणि मधेमधे तुटते. ०.७८ मिमीच्या दोन पिनांची जोडणी घट्ट राहते, पण पिना वाकू शकतात.

दोन पिनांची तार परत लावताना एक बाजू उलटी बसली तर आवाज दोन्हीकडून येतो, पण बेस पोकळ वाटतो आणि गायक मधोमध न राहता विरून जातो. मोनो मुद्रण लावून आवाज मध्यभागी येतो का ते तपासा. येत नसेल तर एका बाजूची पिन १८० अंशांत फिरवून लावा.